लीनिअर सर्किट अ‍ॅनालिसिस: पहिल्या वर्षाला हमखास पडणारे प्रश्न

सर्किटचा विषय शिकवताना दरवर्षी तेच प्रश्न समोर येतात, आणि ते रास्त असतात. पद्धती एकामागून एक येतात, प्रत्येकीचं नाव वेगळं असतं, आणि त्या एकमेकींशी कुठे जोडल्या आहेत हे सांगायला तासात वेळ उरत नाही. म्हणून इथे बहुतेक उत्तरांसाठी एकच सर्किट वापरलं आहे. वाचण्याआधी ते वहीत काढून घ्या.

१२ व्होल्टचा एक सोर्स घ्या, त्याचं निगेटिव्ह टोक ग्राउंडला, म्हणजे जिथे व्होल्टेज शून्य धरतो त्या बिंदूला, जोडा. पॉझिटिव्ह टोकापासून २ किलोओहमचा रेझिस्टर ‘अ’ या नोडपर्यंत, म्हणजे घटकांची टोकं जिथे एकत्र येतात त्या बिंदूपर्यंत, येतो. ‘अ’पासून ग्राउंडपर्यंत ३ किलोओहमचा दुसरा रेझिस्टर आहे. शिवाय ‘अ’मधून १ मिलिअँपिअर ओढून ग्राउंडला सोडणारा एक करंट सोर्स आहे. इतकंच.

‘लीनिअर’ म्हणजे नेमकं काय?

सोर्स दुप्पट केला की उत्तर दुप्पट होतं, आणि दोन सोर्स एकत्र लावले की त्यांच्या वेगवेगळ्या उत्तरांची बेरीज मिळते. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर सर्किट लीनिअर. रेझिस्टरसाठी हे उघड आहे. कपॅसिटर आणि इंडक्टरही लीनिअरच, कारण त्यांच्या समीकरणात येणारं डेरिव्हेटिव्ह बेरजेला आणि गुणाकाराला धक्का लावत नाही. डायोड लीनिअर नाही: त्याच्यावरचं व्होल्टेज दुप्पट केलं तर करंट दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढतो.

हा शब्द व्याख्या म्हणून पाठ होतो आणि विसरला जातो, याचं मला वाईट वाटतं. पुढे येणारं सुपरपोझिशन, थेवेनिन, फेझर हे सगळं याच एका गुणावर उभं आहे.

रेझिस्टरमधून जाताना करंट खर्च होतो का?

नाही. जितका आत गेला तितकाच बाहेर येतो. खर्च होते ती ऊर्जा, आणि म्हणून कमी होतं ते व्होल्टेज. इलेक्ट्रॉन तारेतून सुसाट धावतात हीही चुकीची कल्पना आहे. १ चौरस मिलिमीटर छेद असलेल्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर वाहत असेल तर इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी ०.०७ मिलिमीटर इतकेच पुढे सरकतात. बटण दाबताच दिवा लागतो, कारण विद्युतक्षेत्राचा परिणाम तारेभर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरतो.

करंटची दिशा आधी कशी ओळखायची? आणि उत्तर निगेटिव्ह आलं तर?

ओळखायची नाही, ठरवायची. मनाला येईल त्या दिशेने बाण काढा आणि शेवटपर्यंत त्याच्याशी प्रामाणिक राहा. उत्तर निगेटिव्ह आलं तर प्रत्यक्ष करंट बाणाच्या उलट आहे, एवढाच अर्थ. गणित चुकलेलं नसतं. चूक होते ती मध्येच बाण फिरवल्याने. निगेटिव्ह उत्तर बघून घाबरलेला विद्यार्थी वरचं एक चिन्ह खोडतो, आणि बरोबर सोडवलेलं उदाहरण तिथेच बिघडतं. असे पेपर मी इतके तपासले आहेत की खोडलेलं चिन्ह दिसलं की पुढचं पान कसं असेल ते कळतं.

दुसरा नियम पॉवरसाठी: करंटचा बाण ज्या टोकातून आत शिरतो त्या टोकाला व्होल्टेजचं अधिक चिन्ह द्या. मग व्होल्टेज गुणिले करंट पॉझिटिव्ह आलं तर तो घटक पॉवर घेतो आहे, निगेटिव्ह आलं तर देतो आहे. सोर्स नेहमी पॉवर देतोच असं नाही. १२ व्होल्ट आणि ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची पॉझिटिव्ह टोकं ३ ओहमच्या रेझिस्टरमधून जोडा आणि निगेटिव्ह टोकं एकमेकांना. फरक ३ व्होल्टचा, म्हणून करंट १ अँपिअर. १२ व्होल्टची बॅटरी १२ वॉट देते. त्यातले ३ वॉट रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात आणि ९ वॉट दुसऱ्या बॅटरीत शिरतात, म्हणजे ती चार्ज होते आहे. दिलेली आणि घेतलेली पॉवर जुळते का, हा पडताळा प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी करा. अर्धं मिनिट लागतं आणि चिन्हाची चूक बहुतेक वेळा पकडली जाते.

आणि इलेक्ट्रॉन तर उलट दिशेने जातात, त्याचं काय? पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा संकेत बेंजामिन फ्रँकलिन यांच्या काळापासून, म्हणजे १८व्या शतकापासून रूढ आहे. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ सालचा. संकेत बदलण्याची गरज पडली नाही, कारण गणिताला त्याने काहीच फरक पडत नाही.

सिरीज आणि पॅरलल ओळखण्यात नेहमी घोळ होतो. खात्रीची खूण कोणती?

चित्रातली मांडणी बघू नका, नोड बघा. दोन घटकांच्या सामाईक नोडवर तिसरं काहीही जोडलेलं नसेल तरच ते सिरीजमध्ये. दोन्ही घटकांची दोन्ही टोकं त्याच दोन नोडवर असतील तर ते पॅरलल. आपल्या सर्किटमध्ये २ आणि ३ किलोओहम एका रेषेत दिसतात, पण ‘अ’वर करंट सोर्सही आहे, म्हणून ते सिरीजमध्ये नाहीत. त्यांची बेरीज ५ करून पुढे गेलात तर उत्तर चुकणारच.

काही जोडण्या दोन्हींत बसत नाहीत. व्हीटस्टन ब्रिज (चौकोनात चार रेझिस्टर आणि मधे आडवा पाचवा घटक) हे त्याचं ओळखीचं उदाहरण. तिथे डेल्टा-स्टार रूपांतर (त्रिकोणी जोडणीच्या जागी ताऱ्यासारखी जोडणी) करा किंवा सरळ नोडची समीकरणं मांडा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण रूपांतराची सूत्रं घाईत उलटसुलट होतात.

नोड अ‍ॅनालिसिस एकदा पूर्ण करून दाखवाल का?

‘अ’चं व्होल्टेज ‘व्ही’ मानू. नोडमधून बाहेर जाणाऱ्या सगळ्या करंटची बेरीज शून्य, हा किरचॉफचा करंटचा नियम. व्होल्ट, किलोओहम आणि मिलिअँपिअर हे त्रिकूट आपसांत जुळतं, म्हणून हजाराने गुणण्या-भागण्याची गरज नाही. पॉवरही थेट मिलिवॉटमध्ये येते.

(व्ही − १२)/२ + व्ही/३ + १ = ०

पहिलं पद २ किलोओहममधून डावीकडे जाणारा करंट, दुसरं ३ किलोओहममधून खाली जाणारा, तिसरं करंट सोर्सने ओढलेला. सहाने गुणलं की ३ व्ही − ३६ + २ व्ही + ६ = ०, म्हणून व्ही = ६ व्होल्ट. पहिलं पद −३ येतं. इथे कुणी दचकू नये: आपण बाण बाहेरच्या दिशेने धरला होता, प्रत्यक्षात ३ मिलिअँपिअर आत येतात. त्यातले २ मिलिअँपिअर ३ किलोओहममधून जातात, १ मिलिअँपिअर करंट सोर्स घेतो. हिशोब जुळला.

एक सवय लावून घ्या: प्रत्येक नोडवर सगळे करंट ‘बाहेर’ धरायचे, नेहमी. आत-बाहेर अशी सरमिसळ करणारे विद्यार्थी हुशार असले तरी चिन्हात अडकतात.

नोड की मेश, कोणती पद्धत निवडायची?

जिथे अज्ञात कमी ती. मेश म्हणजे सर्किटमधली, आत दुसरी जोडणी नसलेली बंद चौकट; त्या पद्धतीत प्रत्येक चौकटीत फिरणारा करंट अज्ञात धरतात. ग्राउंड सोडून जितके नोड तितकी नोडची समीकरणं, पण ग्राउंडला जोडलेला प्रत्येक व्होल्टेज सोर्स एक नोड आधीच सोडवून देतो. मेशमध्ये कडेला असलेला करंट सोर्स तेच काम करतो. आपल्याच सर्किटमध्ये उजव्या मेशचा करंट १ मिलिअँपिअर आहे हे माहीत आहे; डाव्या मेशचा करंट ‘आय’ मानला तर १२ = २ आय + ३ (आय − १), म्हणून आय = ३. दोन्हीकडे एकेकच समीकरण.

व्होल्टेज सोर्स ग्राउंडला न जोडता दोन नोडच्या मधोमध लटकत असेल तर दोन्ही नोड मिळून एक सुपरनोड करा. करंट सोर्स दोन मेशच्या सीमेवर असेल तर सुपरमेश. आणि तारा एकमेकींवरून उड्या मारत असतील, चित्र सपाट काढता येत नसेल, तर मेश पद्धत चालत नाही. नोडची चालते. शंका असेल तेव्हा नोड घ्या.

सुपरपोझिशनने व्होल्टेज बरोबर येतं, पॉवर का चुकते?

आधी व्होल्टेज बघू. एकेक सोर्स ठेवायचा, बाकीचे बंद. बंद करणं म्हणजे उपटून टाकणं नव्हे: व्होल्टेज सोर्स शून्य म्हणजे शॉर्ट (तिथे नुसती तार), करंट सोर्स शून्य म्हणजे ओपन (तिथे तुटलेली जोडणी). फक्त १२ व्होल्ट ठेवले तर ‘अ’वर १२ × ३/५ = ७.२ व्होल्ट. फक्त करंट सोर्स ठेवला तर २ आणि ३ किलोओहम पॅरलल, म्हणजे १.२ किलोओहम, व्होल्टेज −१.२. बेरीज ६ व्होल्ट. नोड पद्धतीचंच उत्तर.

आता ३ किलोओहममधली पॉवर. खरी पॉवर ६ × ६/३ = १२ मिलिवॉट. तुकड्यांतून काढली तर ७.२चा वर्ग भागिले ३ म्हणजे १७.२८, आणि १.२चा वर्ग भागिले ३ म्हणजे ०.४८, बेरीज १७.७६. जुळत नाही, आणि जुळायलाही नको. पॉवरमध्ये वर्ग आहे, आणि बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज नव्हे. मधलं दुहेरी पद गळालं. म्हणून आधी करंट किंवा व्होल्टेज जोडा, पॉवर सर्वांत शेवटी काढा.

थेवेनिनचा सिद्धांत कळतो, पण त्याचा खरा उपयोग काय?

कल्पना करा की ३ किलोओहमच्या जागी तुम्हाला दहा वेगवेगळे रेझिस्टर लावून बघायचे आहेत. दर वेळी सगळं सर्किट सोडवायचं? त्याऐवजी ३ किलोओहम काढून टाका आणि उरलेल्या भागाला बाहेरून विचारा: तुझं उघड्या टोकांचं व्होल्टेज किती? करंट सोर्स अजूनही १ मिलिअँपिअर ओढतोच आहे, तो २ किलोओहममधून येतो, म्हणून १२ − २ = १० व्होल्ट. टोकं शॉर्ट केली तर किती करंट? १२/२ − १ = ५ मिलिअँपिअर. भागाकार २ किलोओहम. झालं: उरलेलं सगळं सर्किट म्हणजे १० व्होल्ट आणि सिरीजमध्ये २ किलोओहम. आता कोणताही लोड, म्हणजे टोकांना जोडायचा रेझिस्टर, लावा, एका ओळीत उत्तर. ३ किलोओहम परत लावला तर १० × ३/५ = ६ व्होल्ट.

हाच निष्कर्ष हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये मांडला होता, तार खात्यातले फ्रेंच अभियंते लेऑन शार्ल थेवेनिन यांनी तो १८८३ मध्ये स्वतंत्रपणे पुन्हा काढला. ५ मिलिअँपिअरचा करंट सोर्स आणि पॅरललमध्ये २ किलोओहम हे नॉर्टनचं रूप १९२६ सालचं.

आता एक गोष्ट सांगतो, जी शिकवताना अनेकदा राहून जाते. लोड २ किलोओहम केला तर त्याला सर्वाधिक पॉवर मिळते: ५ व्होल्ट, २.५ मिलिअँपिअर, १२.५ मिलिवॉट. थेवेनिनच्या चित्रात आतल्या २ किलोओहममध्येही १२.५ मिलिवॉटच जातात. पण मूळ सर्किटमध्ये जाऊन बघा. ‘अ’ ५ व्होल्टवर, म्हणजे खऱ्या २ किलोओहमवर ७ व्होल्ट, करंट ३.५ मिलिअँपिअर, पॉवर २४.५ मिलिवॉट! थेवेनिनचं सर्किट बाहेरच्या जगाला हुबेहूब मूळ सर्किटसारखं दिसतं, पण आत किती उष्णता होते आहे हे ते सांगत नाही. आतला रेझिस्टर किती वॉटचा निवडायचा हे त्यावरून ठरवाल तर तो जळेल.

प्रयोगशाळेत मल्टिमीटर गणितापेक्षा कमी व्होल्टेज दाखवतो. मीटर खराब आहे का?

बहुधा नाही. १० व्होल्टवर १ मेगओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. मधल्या नोडवर ५ व्होल्ट यायला हवेत. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारणपणे १० मेगओहम असतो. मीटर लावला की तोच एक लोड झाला. थेवेनिनने बघा: ५ व्होल्ट, ५०० किलोओहम. १० मेगओहमवर वाटणी ५ × १०/१०.५, म्हणजे ४.७६ व्होल्ट. मीटर बरोबर सांगतो आहे. मोजण्यासाठी हात लावताच सर्किट बदललं. हेच दोन रेझिस्टर १ किलोओहमचे असते तर फरक दिसलाच नसता.

डिपेंडंट सोर्स असला की थेवेनिनचा रेझिस्टन्स चुकतो. का?

कारण इतरांबरोबर तोही बंद केला जातो. डिपेंडंट सोर्स, म्हणजे ज्याची किंमत सर्किटमधल्याच दुसऱ्या व्होल्टेज किंवा करंटवर ठरते तो सोर्स, हा बाहेरून दिलेला इनपुट नाही, तो सर्किटचा स्वभाव आहे. त्याला हात लावायचा नाही. फक्त स्वतंत्र सोर्स शून्य करा, टोकांना १ व्होल्टचा परीक्षणासाठीचा सोर्स जोडा, किती करंट आत जातो ते काढा आणि भागाकार घ्या. उत्तर निगेटिव्ह येऊ शकतं. ते खोडू नका.

कपॅसिटर आला की ही सगळी मेहनत वाया जाते का?

उलट कामी येते. आपल्याच सर्किटमध्ये ‘अ’ आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर जोडा. त्याचं व्होल्टेज एका क्षणात उडी मारू शकत नाही, कारण त्यासाठी अमर्याद करंट लागेल. म्हणून जोडल्या क्षणी ‘अ’ शून्यावर. बराच वेळ गेल्यावर कपॅसिटरमधून करंट थांबतो, तो नसल्यासारखाच, म्हणून ‘अ’ ६ व्होल्टवर. मधला प्रवास किती वेगाने? कपॅसिटरच्या टोकांतून दिसणारा थेवेनिनचा रेझिस्टन्स १.२ किलोओहम, त्याला १० मायक्रोफॅरडने गुणलं की १२ मिलिसेकंद. हा टाइम कॉन्स्टंट.

१२ मिलिसेकंदांनी ६च्या ६३.२ टक्के, म्हणजे ३.७९ व्होल्ट. पाच टाइम कॉन्स्टंटनंतर, म्हणजे ६० मिलिसेकंदांनी, ९९.३ टक्के. सुरुवात, शेवट आणि टाइम कॉन्स्टंट या तीन संख्या मिळाल्या की डिफरन्शियल समीकरण पुन्हा सोडवायची गरज नाही. इंडक्टरसाठीही हेच, फक्त तिथे उडी न मारणारी गोष्ट करंट, आणि टाइम कॉन्स्टंट म्हणजे इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स.

एसी सर्किटमध्ये कॉम्प्लेक्स संख्या कशाला? करंट काल्पनिक असतो का?

करंट पूर्णपणे खरा असतो. लीनिअर सर्किटला एका फ्रीक्वेन्सीची साइन लहर दिली की स्थिर अवस्थेत प्रत्येक व्होल्टेज आणि प्रत्येक करंट त्याच फ्रीक्वेन्सीची साइन लहर असते. बदलतात दोनच गोष्टी, उंची आणि फेझ. दोन गोष्टी एका संख्येत साठवायची सोय म्हणजे कॉम्प्लेक्स संख्या. अशा संख्येला फेझर म्हणतात. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये ही पद्धत अभियंत्यांपुढे मांडली, आणि त्यामुळे डिफरन्शियल समीकरणांच्या जागी साधी बेरीज-गुणाकाराची समीकरणं आली. गणितातल्या ‘आय’ऐवजी आपण ‘जे’ वापरतो, कारण ‘आय’ आधीच करंटसाठी घेतलेला आहे.

बघा: ३० ओहमचा रेझिस्टर आणि ४० ओहम रिअ‍ॅक्टन्सचा (एसी करंटला होणारा त्याचा विरोध) इंडक्टर सिरीजमध्ये, वर १०० व्होल्ट आरएमएस, म्हणजे एसी मीटर दाखवतो ती परिणामी किंमत. इम्पिडन्स, म्हणजे दोघांचा मिळून होणारा विरोध, ३० + जे ४०, त्याची लांबी ५० ओहम, कोन ५३.१ अंश. करंट २ अँपिअर. मीटर रेझिस्टरवर ६० व्होल्ट दाखवेल आणि इंडक्टरवर ८०. बेरीज १४०? किरचॉफचा नियम मोडला? नाही. प्रत्येक क्षणी बेरीज बरोबरच असते, पण दोन लहरींचे माथे एकाच वेळी येत नाहीत. त्यांच्यात ९० अंशांचं अंतर आहे. ६०चा वर्ग अधिक ८०चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १००. मीटर फक्त लांबी दाखवतो, कोन लपवतो. प्रयोगाच्या वहीत ‘चूक आली’ असं लिहून हा आकडा खोडलेला मी पाहिला आहे. तो खोडू नका, तोच त्या प्रयोगाचा गाभा आहे.

नोड, मेश, थेवेनिन या सगळ्या पद्धती इथे जशाच्या तशा चालतात. फक्त रेझिस्टन्सच्या जागी इम्पिडन्स लिहा.

सिम्युलेटर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ म्हणतो. काय करू?

आधी ग्राउंड जोडलं आहे का ते बघा. सिम्युलेटर, म्हणजे सर्किट सोडवणारा संगणक प्रोग्रॅम, तुमच्यासारखीच नोडची समीकरणं मांडतो, आणि शून्य कुठे धरायचं हे सांगितल्याशिवाय त्यांना एकच एक उत्तर नसतं. ग्राउंड असेल तर दोन आदर्श व्होल्टेज सोर्स थेट पॅरलल लावलेत का, किंवा एखादा नोड फक्त कपॅसिटरवर लटकतो आहे का, ते तपासा. १२ आणि ९ व्होल्टचे आदर्श सोर्स पॅरलल लावले तर एकाच नोडला दोन व्होल्टेज द्यावी लागतात. ते कागदावरही सुटत नाही.

किरचॉफचे नियम नेहमीच खरे असतात का?

गुस्टाव किरचॉफ यांनी ते १८४५ मध्ये, विद्यार्थी असताना मांडले, आणि तेव्हापासून आपण ते बिनदिक्कत वापरतो. पण त्यांना एक अट आहे: सर्किटचा आकार त्यातल्या लहरीच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान हवा. ५० हर्ट्झला तरंगलांबी ६,००० किलोमीटर आहे, त्यामुळे टेबलावरच्या सर्किटला काही धोका नाही. १ गिगाहर्ट्झला ती हवेत ३० सेंटिमीटर होते. मग १० सेंटिमीटरच्या तारेच्या एका टोकाला जो करंट आहे तोच त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला असेल असं म्हणता येत नाही, आणि तिथून पुढे ट्रान्समिशन लाइनचा विषय सुरू होतो.